बाळ नेणारीचं नाव

बाळाच्या चौथ्या दिवशी सकाळी जावयाने, बुर्झानने, उंबरठा उकरायला घेतला, तेव्हा नेवान तिथे थांबली नाही. पाणी आणते असं सांगून ती घागर घेऊन अंगणात गेली आणि रिकामी घागर कमरेवर तशीच धरून भिंतीला लागून उभी राहिली. आत काय निघतंय ते तिला ऐकायचं होतं, पण बघायचं नव्हतं.

वाडगे तिच्याच हातचे होते. निफ्फर गावात घरोघरी उंबरठ्याखाली आणि खोलीच्या कोपऱ्यांत जे वाडगे उपडे पुरलेले असत, त्यांतले निम्मे तरी नेवानच्या चाकावरून उतरलेले. नवरा हुरमीझ गेला तेव्हा आता चाक बंद पडणार असं साऱ्या आळीने धरून ठेवलं होतं. पण बाईने महिन्याच्या आत भांडी भाजायला आवा लावला आणि बोलणाऱ्यांची तोंडं बंद केली. ती वाडगे घडवायची आणि झुत्रा लेखक त्यांच्या आतल्या अंगाला मंत्र लिहायचा. मधोमध साखळदंडांनी बांधलेली हडळ काढायची, तिच्याभोवती तळापासून काठापर्यंत गोलगोल ओळ न्यायची, आणि वाडगा जमिनीत उपडा घालायचा. घरात शिरू पाहणारं जे काही असेल ते त्याच्याखाली अडकून पडतं. हुरमीझ होता तेव्हापासून, तीस वर्षं, दोघांचा हा धंदा चालला होता. नेवानला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण वाडग्यात काय लिहावं लागतं आणि कशाने तो फुकट जातो, हे तिला झुत्राइतकंच ठाऊक होतं.

म्हणून तर तिच्या पाचावर धारण बसली होती.

आत झुत्राने वाडगा उजेडात धरला असावा. त्याचा खोकला ऐकू आला आणि मग वाचण्याचा ठेका. झुत्रा मोठा अहंकारी माणूस. याच्या मयताला कुणी चुकीचा मंत्र म्हटला तर हा उठून दुरुस्त करील, असं लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. लिलीथ, मोकळ्या केसांची, बाळंतिणीच्या उशाशी बसणारी, तान्ही पोरं उचलून नेणारी, तिला यात काडीमोड लिहून दिला होता. नवरा बायकोला घराबाहेर काढतो तसं तिला काढलं होतं: हे तुझं सोडपत्र, घे आणि नीघ, या घरात तुझं काही नाही. शेवटी ज्या बाईचं रक्षण करायचं तिचं नाव.

"अखात," झुत्राने वाचलं, "नेवानची मुलगी."

भिंतीबाहेर नेवानने डोळे मिटून घेतले.

पाचही वाडगे निघाले. एकाचाही काठ उडालेला नव्हता, एकाचीही शाई पसरलेली नव्हती. आणि तरी या पाच वाडग्यांच्या मधोमध अखातची दोन बाळं गेली होती. पहिला मुलगा, सातव्या दिवशी. दुसरी मुलगी, तीही सातव्याच दिवशी. आता हा तिसरा चार दिवसांचा होता आणि सकाळपासून आईला नीट ओढत नव्हता.

पाणी न भरताच नेवान आत आली, पण घागरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. झुत्रा मांडी घालून बसला होता. त्याची सगळी फुशारकी उतरली होती. अक्षरात चूक नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. अक्षरात चूक नसेल तर मग ती नावात असणार.

बुर्झान नावाडी होता. कालव्यावर खजुराची पोती वाहायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा त्याचा स्वभाव. तो म्हणाला की नावात कसली चूक, साऱ्या आळीला माहीत आहे की ही कुणाची मुलगी. त्यावर झुत्राने त्याला धंद्यातली गोष्ट समजावून सांगितली. वाडग्यात बापाचं नाव चालत नाही. बाप कोण ते आई सांगते, पण आई कोण ते सुईण डोळ्यांनी बघते, म्हणून आईचं लिहायचं. ते चुकलं की हुकूम भलत्याच दारात जाऊन पडला. दोन नावांपैकी एक तरी पक्कं हवं, जिला राखायचं तिचं, नाहीतर जिला हाकलायचं तिचं. आता लिलीथला शंभर नावं, आणि ती कुणाच्या पोटची ते कुणालाच माहीत नाही, म्हणून सगळा भार बाळंतिणीच्या नावावर. मागे एका माणसाला शेजारीण काहीबाही करत होती, तेव्हा झुत्राने त्या शेजारणीचं नाव तिच्या आईच्या नावासकट वाडग्यात बांधलं होतं. महिनाभरात ती बाई भांडीकुंडी घेऊन कूथा गावाकडे निघून गेली. पुन्हा त्या घराचा उंबरठा काही तिला ओलांडता आला नाही.

अंथरुणावरून अखातने विचारलं, "आई, लहानपणी माझं दुसरं काही नाव होतं का गं?"

"नाही बाळा. पहिल्यापासून अखातच."

हे खरं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. आपला आवाज जरा वरच लागला असं नेवानला वाटलं आणि ती उगाचच जवाच्या भाकरी थापायला बसली.

*

दुपारी निफ्फरचे रस्ते ओस पडत. रात्रीची भीती लहान मुलांना. मोठी माणसं भ्यायची ती टळटळीत दुपारला. सावली पायाखाली गेली की जे चालतं त्याला स्वतःची सावली नसते, असं म्हणत, आणि त्या वेळी कुणी कुणाच्या दारात हाक मारत नसे. बुर्झान नावेकडे गेला होता. अखातला झोप लागली होती. बाळ मांडीवर घेऊन नेवान दाराकडे तोंड करून बसली. आता पाचही वाडगे भिंतीला टेकून उताणे पडले होते आणि उंबरठ्याला खड्डा होता. घर उघडं पडलं होतं.

माळवदावर काहीतरी सरकलं. वाळू असेल, नाहीतर पाल असेल. नेवानने मान वर केली नाही. बाळाचे डोळे उघडे होते. चार दिवसांच्या पोराला काही दिसत नाही हे तिला माहीत होतं, तरी ते तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघतंय असं वाटलं. मागे फक्त भिंत होती. मागे भिंतच आहे, असं तिने स्वतःला तीनदा बजावलं, पण वळून काही पाहिलं नाही.

कुणाला भीत होती ती? लिलीथला भीत होती, सगळेच भितात. पण हा नातू आला त्या दिवसापासून तिच्या मनात दुसरीच एक बाई येऊन बसली होती. तिचे केस मोकळे नव्हते, ओले होते.

कालवा फुटला त्या सालची गोष्ट. हुरमीझ डांबर आणायला नदीच्या वरच्या अंगाला हीत गावाला गेला होता आणि पाण्यामुळे तिकडेच अडकला होता. नेवानची पहिली मुलगी सात दिवसांची होऊन सकाळी गेली. आळीतले लोक बांध घालायला गेले होते, कुणाला काही कळलं नाही. ते थंड पोर कापडात गुंडाळून नेवान आव्याजवळ बसली होती, तिच्या छातीत दूध दाटून दगड झाले होते, आणि भर दुपारी दलदलीकडची एक बाई पोट धरून आत आली. तिचं गाव वाहून गेलं होतं. आव्याच्या राखेतच तिला मुलगी झाली. मुलगी रडली आणि नेवानचं दूध आपोआप वाहायला लागलं.

त्यापुढचं नेवानने बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. हुरमीझलासुद्धा नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तिने मुलगी ठेवली होती, आणि तो बिचारा देवभोळा, आनंदाने रडला होता.

सांगितलं तर अखात जाईल. नवरा गेला, भाऊबंद नव्हतेच, एक अखात होती. नाही सांगितलं तर बाळ जाईल. नेवानने हिशेब मांडला तो एवढाच, आणि तो कसाही मांडला तरी एक जण जातच होतं.

*

पाचव्या दिवशी ती झुत्राकडे गेली. तो बोरू तासत बसला होता. नेवानने आडून आडून विचारलं की बाळाचं नाव आत्ताच ठेवलं आणि वाडगा त्याच्याच नावाने लिहिला तर? बाळाची आई तर अखात, त्यात काही खोट नाही.

झुत्रा तिच्याकडे बघतच राहिला. आठव्या दिवसाआधी ठेवलेलं नाव म्हणजे लिलीथला बाळाला हाक मारता यावी म्हणून आपण होऊन दिलेलं नाव, हे काय नेवानला त्याने सांगायला हवं होतं?

मग तिने दुसरं विचारलं. समजा एखादीला आपली आई कोण तेच ठाऊक नसेल, तर?

"आभाळातून पडली का ती?" झुत्रा म्हणाला. "जिने वाढवली तिला विचारायचं."

"तिलाही नाव माहीत नसेल तर?"

"तर मग वाडग्यात मसुराची आमटी घालून खा म्हणावं. दुसरा काही उपयोग नाही त्याचा." त्याने बोरू खाली ठेवला. "कुणासाठी विचारतेस नेवान?"

"आहे एक गिऱ्हाईक."

झुत्राने बोरू पुन्हा उचलून तासायला घेतला. बावीस वर्षांपूर्वी तोही बांधावर माती टाकत होता. त्याला काय आठवलं आणि काय नाही, देव जाणे. शेवटी तो एवढंच म्हणाला, "त्या गिऱ्हाइकाला सांग, सातवा दिवस कुणासाठी थांबत नाही."

परत येताना नेवान आव्यामागून आली. एरवी ती त्या बाजूने जात नसे. तिथे जमिनीत मोठा रांजण होता, त्यात ती बाई पुरलेली होती, आणि बाईच्या कुशीत नेवानची स्वतःची सात दिवसांची पोर. मूल नेलं त्याच्या बदल्यात मूल ठेवलं, असं तेव्हा तिने मनाला समजावलं होतं. आता तिथे उभं राहून तिला वाटलं, खाली ती बाई नातवंडं मोजत असेल. दोन झाली. ती भिंतीला धरून धरून घरी आली.

*

सहाव्या दिवशी सकाळी बाळाने तोंड फिरवलं. अखातने पुन्हा पुन्हा छातीशी धरलं, दुधाचा थेंब ओठांवर पिळला, तो गालावरून खाली ओघळला. रडणं बारीक झालं होतं. ओठांच्या कडा निळसर दिसायला लागल्या. आधीच्या दोघांचं सहाव्या दिवशी हे असंच झालं होतं आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते आठवत होतं. बुर्झान उठून झुत्राला बोलवायला पळाला. बोलवून करायचं काय ते त्यालाही माहीत नव्हतं.

झुत्रा आला, दारातच थांबला. बाळाकडे बघून त्याने मान खाली घातली.

तेव्हा नेवान बोलली. ठरवून बोलली असं नाही. बोलली नसती तर गुदमरली असती. राख, पाणी, हीतला अडकलेला नवरा, कापडातलं थंड पोर, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं, आणि सांगताना ती अखातकडे बघत नव्हती, भिंतीला टेकलेल्या वाडग्यांकडे बघत होती. बुर्झान म्हणाला, मामी, तुम्ही दोन रात्री झोपला नाहीत, काहीतरी बोलताय. पण अखातने हात वर करून त्याला गप्प केलं.

"तिचं नाव काय?" अखातने विचारलं.

"ठाऊक नाही."

"सांगितलं नाही तिने?"

"सांगत होती. माझं नाव ऐकून ठेव, पोरीला सांग म्हणाली. मी कान झाकून घेतले."

"का?"

"नाव ऐकलं असतं तर तू तिची झाली असतीस."

बाहेरून कालव्यावरच्या नावाड्यांची हाळी आली आणि विरली. अखातने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता, तिने भांडी फेकली असती, तर नेवानला बरं वाटलं असतं.

"किती वेळ होती ती?"

"संध्याकाळपर्यंत."

"रक्त जात होतं?"

"हो."

"सुईण तर पलीकडच्या गल्लीतच राहायची. पाणी तिथवर आलं नव्हतं. तूच सांगायचीस, त्या पुरात फक्त आपल्या दोन गल्ल्या वाचल्या म्हणून. बोलावलंस तिला?"

"नाही."

"का नाही?"

खोटं बोलता आलं असतं. बावीस वर्षं जमलं होतं, अजून एकदा जमलं असतं. पण खोट्याच्या पायावर वाडगा धरत नाही हे नेवानइतकं कुणाला ठाऊक होतं?

"सुईणीने तिचं नाव विचारलं असतं," ती म्हणाली.

झुत्रा मटकन खाली बसला. बुर्झानने तोंड फिरवलं. अखात नेवानकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत नेवानला राग दिसला नाही, ओळख दिसली. ज्या बाळ नेणारीच्या नावाने लहानपणी तिला भीती घातली जायची, जिच्या भीतीने तिने दोन बाळंतपणं काढली, ती बाई कोपऱ्यात बसलेली अखातला सापडली होती. नेवानला ते कळलं. रांजणातल्या बाईच्या भुताला ती भीत होती, आणि भ्यायचं होतं ते भलत्यालाच.

"झुत्रादादा," अखात म्हणाली, "दोन नावांपैकी एक पक्कं असलं की पुरतं, असंच म्हणालात ना तुम्ही?"

"हो, पण पोरी, ती तर गेली, नावासकट गेली..."

"माझ्या आईचं गेलं. दुसरं आहे ना. बाळंतिणीच्या उशाशी बसून तिची वाट बघणारी, तिचं पोर उचलून नेणारी. तिचं नाव तर आपल्याला माहीत आहे." तिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. "लिहा."

बुर्झान चाचरत म्हणाला, "अगं, तिने तुला दूध पाजलंय." अखातने बाळावरचा पदर सारखा केला. झुत्राने नेवानकडे पाहिलं. तीस वर्षं ज्या बाईच्या वाडग्यांवर पोट भरलं तिचं नाव साखळदंडाच्या चित्राभोवती लिहायचं म्हणजे काय, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. वाडग्यात जिला बांधलं तिने तो उंबरठा पुन्हा ओलांडायचा नाही. एकदा जरी ओलांडला तरी बंध तुटतो, आणि तुटला की त्याचं माप बाळाच्या पदरात. हे नेवानला सांगायची गरजच नव्हती.

तिला ओरडावंसं वाटलं. पाय धरावेत, ताप आला तेव्हा नऊ दिवस मांडीवर घेऊन बसले होते म्हणावं, पहिलं पाऊल, पहिला दात, सगळं काढून दाखवावं. बाळाचा आवाज तेवढ्यात आला. आवाज कसला, नुसता श्वास अडखळला.

नेवान उठली. फळीवरून कोरा वाडगा काढला, बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज खणखणीत आहे ना ते पाहिलं, आणि झुत्रापुढे ठेवला.

झुत्राने शाई कालवली. लिहायला त्याला बराच वेळ लागला. प्रत्येक वळणावर तो थांबत होता. शेवटच्या वळणाला बोरू उचलून त्याने खाली मान घालूनच विचारलं, कारण विचारल्याशिवाय लिहिता येत नव्हतं.

"नेवान, कुणाची मुलगी?"

"गुश्नायची," ती म्हणाली. झुत्राला हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून ती जवळ गेली आणि त्याच्या कानाशी एकेक अक्षर सुटं करून पुन्हा म्हणाली. "नेवान. गुश्नायची मुलगी. माझ्या आईला दुसरं नाव नव्हतं. आणि सुईण होती तिथे, माझ्या वेळी."

मग शाई वाळायच्या आत ती निघाली. जाताना बाळाकडे बघावं म्हणून मान वळवली, पण अखातने त्याला पदराखाली झाकून घेतलं होतं आणि स्वतः भिंतीकडे तोंड केलं होतं. उंबरठ्यातला खड्डा नेवानने जपून ओलांडला.

बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आत बुर्झानने वाडगा हातात घेतला, आणि कसा घालायचा ते न समजून तो तसाच उभा राहिला. दारापासून चार पावलांवर नेवान थांबली.

"जावईबापू, उपडा घाला," ती बाहेरून म्हणाली. "काठ बोटभर मातीत जाऊ दे, आणि भोवती डांबर घट्ट भरा. जरा जरी फट राहिली तरी आत येता येतं."